जाळी थांबवली, तरी मरळ का परतत नाही?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी चांदोरीजवळ, गंगेकाठी म्हणजे गोदावरीकाठी राहतो. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीचं. चार वर्षांपूर्वी थंडीत मरळ आणि वाम यांच्या अंगावर लाल चट्टे उठले, मग खोल जखमा झाल्या आणि मासे मरून काठाला लागले. त्यानंतर आम्ही वीसेक घरांनी बसून ठरवलं, की गावाजवळच्या दोन डोहांत जाळं टाकायचं नाही. तीन वर्षं पाळलं. सायप्रिनस आणि चिलापी भरपूर झाली, मरळ मात्र नावाला. त्यात या जानेवारीत वीतभर मरळींच्या अंगावर पुन्हा तसेच चट्टे दिसले. आमच्या मच्छीमार संस्थेतली तरुण मंडळी म्हणतात, बंदीचा काही उपयोग झाला नाही, बाहेरून मरळीचं बीज आणून सोडू. व्यापाऱ्याला थोडा विसारही दिलाय. वडील म्हणतात, माशांना देवी आली आहे, बीज नको, बंदीच चालू ठेवा. मी संस्थेचा सचिव आणि वडिलांचा मुलगा, त्यामुळे दोन्हीकडून ऐकून घेतो. आमची बंदी चुकली का? बीज सोडावं का? आणि असा मासा विकला तर खाणाऱ्याला काही होतं का? माझी बायको बाजारात बसते, ती आता मरळ विकायलाच तयार नाही.

एक वाचक, तालुका निफाड

उत्तर

सचिवसाहेब, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाजार रोज भरतो आणि बाकीच्या प्रश्नांना वर्षं लागणार आहेत. तुमच्या पत्नीला सावध राहावंसं वाटतंय ते योग्यच आहे. तुम्ही वर्णन केलेला आजार माणसाला होत नाही. पण माशाच्या उघड्या जखमेत दुसरे जिवाणू येऊन बसतात, एरोमोनास त्यातले नेहमीचे, आणि ते हाताच्या चिरेतून किंवा कच्च्या राहिलेल्या माशातून माणसाला त्रास देऊ शकतात. तेव्हा चट्टा असलेला मासा विकायचा नाही, घरीही शिजवायचा नाही. बोटाला काटा लागलेला असेल तर तसा मासा उघड्या हाताने धरायचा नाही. ज्याच्या अंगावर काही नाही, तो मासा नीट शिजवून खायला हरकत नाही. त्यांना सांगा, की मरळ सरसकट बंद करायची गरज नाही, निवडून घ्यायची गरज आहे. गिऱ्हाइकाला हे उघड सांगितलं तर ते तुटत नाही. घरी जाऊन मासा पालथा केल्यावर जखम दिसली, की मात्र ते पुन्हा त्या पाटीकडे फिरकत नाही.

आता आजार. नुसत्या पत्रावरून निदान करणं ज्योतिषाला जमेल, मला नाही. पण मरळ आणि वाम हेच मासे, थंडीचेच दिवस, आधी लाल ठिपका आणि मग मांसापर्यंत जाणारी जखम, आणि त्याच पाण्यात सायप्रिनस-चिलापी ठणठणीत, इतकं सगळं एका ठिकाणी आलं की पहिला संशय एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोमवर जातो. मत्स्यव्यवसाय खात्यातली माणसं त्याला ‘ईयूएस’ म्हणतात. एक गोष्ट बहुधा तुमच्याही लक्षात आली असेल. मरळ वर येऊन हवा घेते, तिला पाण्यातला प्राणवायू संपला तरी लगेच काही होत नाही. म्हणजे डोहातला प्राणवायू संपला असता तर आधी बाकीचे मासे उलटे झाले असते आणि मरळ वाचली असती. तुमच्याकडे नेमकं उलटं घडलं. सगळ्या जातींचे लहान-मोठे मासे एकाच पहाटे तरंगू लागले, तर आजार शोधत बसू नका, वरून काय सोडलं गेलं ते शोधा. मासे आठवड्यामागून आठवडे, ठरावीक जातींचेच, जखमा घेऊन मरत असतील, तर तो आजार.

ईयूएसच्या मुळाशी अफॅनोमायसिस इन्व्हेडन्स नावाचा जीव आहे. दिसायला बुरशीसारखा, पण खरी बुरशी नव्हे. तुमच्या शिवारात द्राक्षावर येणारी डाऊनी याच गोतावळ्यातली. पानावर पाण्याचा थेंब टिकून राहिला की डाऊनी का भडकते हे निफाडच्या बागाईतदाराला वेगळं सांगावं लागत नाही. तिचे बीजाणू त्या थेंबात पोहतात. अफॅनोमायसिसचेही पोहतात, त्यांना तर अख्खी नदी मिळालेली असते. मासा भेटला की ते कातडीत रुजतात आणि धागे मांसात उतरतात. फरक एवढाच, की बागेवर फवारणी करता येते, गंगेवर नाही. शेततळ्यात किंवा ठेक्याच्या लहान तलावात चुना टाकून हा आजार आटोक्यात आणता येतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ‘सिफॅक्स’ नावाचं औषधही त्यासाठी काढलेलं आहे. यातलं काहीही वाहत्या नदीत ओतू नका. कोणी सुचवलं तर त्याला हात जोडा.

हा आजार १९७१ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला, पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये. तिथून आग्नेय आशिया, बांगलादेश, आणि १९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात. काही वर्षांत तो देशाच्या बहुतेक भागांत पोचला. २००६ च्या सुमारास आफ्रिकेत झांबेझीच्या खोऱ्यातही निघाला. सगळीकडे चित्र साधारण सारखं असतं: पावसाळा सरतो, पाणी उतरू लागतं, गारठा पडतो आणि जखमा दिसू लागतात. पाणी १८ ते २२ अंशांवर आलं की तो जीव अजून जोमात असतो, पण माशाच्या अंगाची प्रतिकाराची यंत्रणा मंदावलेली असते, कारण माशाचं शरीर पाण्याइतकंच गार होतं. निफाडचा पारा दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो. डोहातल्या मरळीला तोच पारा अंगावर झेलावा लागतो.

तर बंदी चुकली का? नाही. तिच्याकडून जे एकटीने होण्यासारखं नव्हतं, ते तुम्ही तिच्याकडून मागितलंत.

जाळं थांबवलं की एकच मृत्यू थांबतो, जाळ्यातला. बाकीचे चालूच राहतात. डोहातल्या मोठ्या, अंडी घालणाऱ्या मरळी हे तुमचं मुद्दल आणि दर पावसाळ्यातली पिल्लं हे व्याज. बंदीने तुम्ही मुद्दल खायचं थांबवलंत, ते अत्यंत शहाणपणाचं. पण आजार व्याजावर बसला आहे. मरळ पावसाच्या तोंडाला जोडीने घरटं करते, अंडी राखते, पिल्लांचा तांबूस घोळका आठवडेच्या आठवडे सांभाळते. गणेशोत्सवापर्यंत पिल्लं सुटी होतात, दिवाळीपर्यंत बोटभर-वीतभर. आणि मग त्यांचा पहिला हिवाळा येतो. या आजाराशी त्यांची आधी कधी गाठ पडलेली नसते, पाणी उतरल्यामुळे ती मोठ्यांच्या शेजारी दाटीवाटीने राहत असतात, आणि गारठ्याने अंग मंदावलेलं असतं. जानेवारीत तुम्हाला वीतभर मरळींवरच चट्टे दिसले, याचा अर्थ मला तरी हाच लागतो.

याची खात्री तुम्हाला स्वतःलाच करून घेता येईल. गेल्या वर्षभरात हाती लागलेल्या किंवा नुसत्या दिसलेल्या मरळींची लांबी आठवून पाहा. थोड्या जुन्या, मोठ्या आणि थोड्या इवल्या, पण मधल्या हातभर लांबीच्या जवळपास नाहीतच, असं असेल तर पिल्लं जन्मतात आणि हिवाळ्यात संपतात, हे उघड आहे. मोठ्या दिसतात म्हणून मन भुलतं. त्या म्हाताऱ्या होऊन गेल्या की एक दिवस डोह अचानक रिकामा वाटतो, प्रत्यक्षात तो चार-पाच वर्षांपासून रिकामा होत आलेला असतो.

शिवाय नदीत आजाराने मेलेला मासा सहसा दिसत नाही. चार वर्षांपूर्वी काठाला लागले ते अतिरेक झाला म्हणून. एरवी आजारी पिल्लू सुस्तावतं, कडेला येतं आणि बगळा, पाणकावळा, घार किंवा दुसरा मासा त्याला उचलतो. तुम्ही तर नांदूर मध्यमेश्वरच्या वरच्या अंगाला राहता, महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या) पाणथळीच्या उंबऱ्यावर. तिथे पुरावा शिल्लक ठेवणारं कोणी नाही. पक्ष्यांवर मात्र राग धरू नका. आजारी मासा लवकर उचलला गेला तर त्याच्या अंगावरून पाण्यात सुटणारे बीजाणू तेवढेच कमी होतात.

रिकामी झालेली जागाही रिकामी राहत नाही. चिलापी आणि सायप्रिनस यांना ईयूएस होत नाही, आणि चिलापी वर्षातून अनेकदा पिल्लं काढते. अमेरिकेच्या कोलोरॅडो आणि मोंटाना राज्यांत १९९० च्या दशकात व्हर्लिंग डिसीज या परजीवी आजाराने रेनबो ट्राउट कोसळला, तेव्हा त्याची जागा ब्राऊन ट्राउटने घेतली, कारण त्या माशाला हा आजार फारसा बाधत नव्हता. पुढे रेनबोला परतायचं होतं तर घर दुसऱ्याने बळकावलेलं. तुमच्या बाबतीत दिलासा एवढाच, की मोठी मरळ चिलापीची पिल्लं खाते. तिचं अन्न तिच्यासमोर वाढून ठेवलेलं आहे, खायला तीच पुरेशी उरलेली नाही.

बंदी घालूनही मासा परतला नाही, अशी तक्रार करणारे तुम्ही पहिले नव्हेत. अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये मार्च १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं. चार वर्षांनी, १९९३ मध्ये, तिथला हेरिंग मासा कोसळला. माशांत व्हीएचएस नावाचा विषाणू आणि इक्थिओफोनस नावाचा परजीवी सापडला. मासेमारी बंद झाली, १९९० च्या दशकाच्या अखेरीस थोडा काळ उघडली, पुन्हा बंद झाली, आणि हेरिंग आजही पूर्वीसारखा झालेला नाही. दोष सगळा आजाराचाच, असं तिथलेही शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. तेल, खाद्याची टंचाई, व्हेल यांच्यावरही बोट ठेवलं जातं. पण एक गोष्ट तिथे नीट कळली. जो हेरिंग विषाणूतून वाचतो त्याला पुढे संरक्षण मिळतं, मात्र दर वर्षी येणारी नवी पिल्लं कोरी असतात. म्हणजे आजार दर पिढीच्या दारात उभाच असतो.

उलट उदाहरणही आहे, नाहीतर तुम्ही पत्र फाडून टाकाल. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर १९९५ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये हर्पिस गटातल्या विषाणूने तारळीच्या जातीचा मासा, सार्डिन, मारला. दुसऱ्या साथीत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या प्रौढ माशांपैकी सुमारे ७० टक्के गेले असावेत असा अंदाज होता. तिथे पकडीची मर्यादा खाली आणली गेली आणि काही वर्षांतच साठा सावरला. सार्डिन दोनेक वर्षांत अंडी घालू लागतो, पाणी अथांग आहे, आणि साथ ओसरल्यावर पिल्लांना वाढायला मोकळीक मिळाली. तुमच्या मरळीलाही वयात यायला वर्ष-दोन वर्षंच लागतात. पण तिचं पाणी अथांग नाही, दोन डोहांचं आहे. त्या हिशेबाने तीन वर्षं म्हणजे जेमतेम दीड पिढी. तरुण मंडळींना हे जरूर सांगा.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या मते तुमचं अर्धं दुखणं तिथे आहे. कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीत सप्टेंबर २००२ मध्ये तीस हजारांहून जास्त मोठे सॅमन काही दिवसांत मेले. मारणारे रोग अगदी साधे होते, मत्स्यालय पाळणाऱ्यालाही ठाऊक असलेला पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी आणि कल्ले कुजवणारा एक जिवाणू. हे दोन्ही नदीत कायमचेच असतात. त्या वर्षी दुष्काळ होता, वरचं पाणी शेतीकडे वळलं होतं, खाली नदी उथळ आणि कोमट झाली होती, आणि अंडी घालायला निघालेले मासे मोजक्या खोल जागांत एकमेकांना चिकटून थांबले होते. रोग एकाकडून दुसऱ्याकडे जायला अंतरच उरलं नाही. पुढे त्या नदीवरची चार धरणं काढून टाकण्यात आली, २०२४ मध्ये ते काम संपलं आणि त्याच शरद ऋतूत सॅमन धरणांच्या जुन्या जागांच्या वर पोचले.

गंगापूर आणि दारणा धरणांवर कोणी कुदळ चालवणार नाही, चालवावी असंही मी म्हणत नाही. पण तुमच्या डोहांचं पाणी आवर्तनाप्रमाणे, म्हणजे धरणातून पाणी सोडलं जाईल तसं, चढतं-उतरतं, आणि दोन आवर्तनांच्या मधे काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी चालू असतात. नदीत पांगलेली मरळ त्या वेळी त्या दोन डोहांतच येऊन दाटते. तुम्ही ते डोह राखीव ठेवलेत म्हणून तिला आसरा आहे, आणि आसऱ्यातच गर्दी आहे, असा हा पेच आहे. आवर्तन तुमच्या हातात नाही. मोटारी मात्र तुमच्याच भाऊबंदांच्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात निदान या दोन डोहांतून उपसा करू नये, शेजारच्या पात्रातून करावा, एवढं ग्रामसभेत मागता येईल. सगळे ऐकणार नाहीत. निम्म्यांनी ऐकलं तरी पाण्याची पातळी फार खाली जाणार नाही.

मग सांडपाणी. तुमच्यापर्यंत येणारी गंगा अख्खं नाशिक शहर ओलांडून येते, सायखेडा-चांदोरीच्या पाणवेली तुम्ही रोज बघता. घाण पाण्याने ईयूएस होत नाही, तो त्या जीवाने होतो. पण घाण पाण्यात माशाची कातडी आणि तिच्यावरचा चिकट थर खराब होतो आणि बीजाणूला वाट मिळते. २०२७ च्या सिंहस्थासाठी रामकुंड ते तपोवन नदी स्वच्छ करण्याच्या घोषणा आपण ऐकतोच आहोत. तुमच्यासारख्यांनी आत्ताच लेखी विचारायला हवं, की तपोवनाच्या खाली काय.

आता बीजाचं. माझं उत्तर स्पष्ट आहे: नदीत सोडू नका.

नॉर्वेत १९७० च्या दशकात मत्स्यबीज केंद्रांतले मासे नद्यांत सोडताना त्यांच्या अंगावरून गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा अर्ध्या मिलिमीटरचा परजीवी गेला. बाल्टिक समुद्राकडच्या सॅमनला त्याची सवय होती, त्यांना तो फारसा त्रास देत नव्हता. नॉर्वेच्या सॅमनला नव्हती. पन्नासच्या आसपास नद्या बाधित झाल्या आणि तिथली सॅमनची पिल्लं झपाट्याने घटली. शेवटी त्यांना नद्यांत रोटेनोन ओतून सगळेच मासे मारावे लागले आणि आधी बाजूला जपून ठेवलेल्या स्थानिक वाणातून पुन्हा सुरुवात करावी लागली. कितीतरी नद्या आता मोकळ्या झाल्या आहेत, पण त्यासाठी दशकं आणि अमाप पैसा गेला. हे सगळं मासे वाढावेत म्हणून केलेल्या कामातून झालं.

आपल्याकडे मरळीचं बीज बहुतेक वेळा बीज केंद्रात तयार झालेलं नसतं, दुसऱ्या कुठल्या तरी खोऱ्यातून, भाताच्या खाचरांतून नाहीतर तळ्यांतून गोळा केलेलं असतं. व्यापारी त्याच्यासोबत कोणता आजार देतोय हे त्यालाही माहीत नसतं. आणि तुम्ही सोडणार काय, तर बोटुकली, म्हणजे नेमकं तेच वय जे पहिल्या हिवाळ्यात मरतंय. पावसाळ्याच्या शेवटी सोडाल आणि जानेवारीत गमावाल. मधल्या काळात ती आजारी पिल्लं डोहातल्या वाचलेल्या मरळींवर बीजाणूंचा मारा करतील.

तुमच्यातला एखादा वाचणारा मुलगा म्हणेल, की कोलोरॅडोत बीज सोडूनच रेनबो ट्राउट परत आला. खरं आहे. जर्मनीतल्या एका मत्स्यपालन केंद्रात पिढ्यान्‌पिढ्या त्या परजीवीच्या सहवासात राहिलेला, त्याला दाद न देणारा वाण त्यांनी आणला, स्थानिक माशांशी त्याचा संकर केला, वर्षानुवर्षं तपासला आणि मग नदीत सोडला. असा तपासलेला मरळीचा वाण व्यापाऱ्याच्या पिशवीत नाही. तुमच्या डोहात मात्र असण्याची शक्यता आहे. दोन साथींतून ज्या मोठ्या मरळी तगल्या, त्यातल्या काही नुसत्या नशिबाने तगल्या असतील, काहींच्या अंगात खरोखर काहीतरी वेगळं असेल. कोणती कुठली हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून सगळ्याच राखायच्या. तुमचं बियाणं तेच.

याच कारणासाठी, ‘सगळी मरळ काढून टाकू म्हणजे रोगच संपेल’ असं कोणी म्हणालं तर त्यालाही नकार द्या. बंद तळ्यात गर्दी कमी करण्याचा फायदा होतो. नदीत जाळं आधी मोठ्या मरळी उचलतं, म्हणजे ज्या वाचल्या त्याच.

बंदी चालू ठेवा, पण तिचं वेळापत्रक बदला. सरसकट बंदी वीस घरांना फार वर्षं परवडत नाही आणि न परवडणारी बंदी रात्री मोडली जाते. जून ते सप्टेंबर डोहात काहीच नाही, गळसुद्धा नाही. पिल्लांच्या तांबूस घोळक्यापाशी गळ टाकला की राखण करणारी मरळ त्यावर झेप घेते, हे काठावरच्या पोरांना माहीत आहे. ती एक मरळ काढली की अख्खा घोळका दुसऱ्यांच्या पोटात जातो. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतही जाळं नको. जाळ्यात घासून सुटलेल्या माशाच्या कातडीला ओरखडे पडतात आणि गारठ्यात बीजाणूला तेवढीच फट पुरते. सोडून दिलेली मरळ वाचली असं आपण समजतो, ती पंधरा दिवसांनी जखम घेऊन मरते. मार्च ते मे या उन्हाच्या महिन्यांत मात्र पाळीपाळीने चिलापी आणि सायप्रिनस काढा, मोठ्या आसाच्या (मोठ्या भोकांच्या) जाळ्याने, आणि चुकून आलेली मरळ, वाम ओल्या हाताने लगेच पाण्यात. घरांना पैसा मिळेल, डोहातली गर्दी हटेल. जवळच्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्याची हद्द कुठे सुरू होते ते वनविभागाकडून एकदा नकाशावर पाहून घ्या, तिथे हे काही चालणार नाही.

जखमी मासा सापडला तर तो परत पाण्यात फेकायचा नाही. काठापासून लांब खड्ड्यात, वर चुना टाकून पुरायचा. माशाची घाणही नदीत नको. या डोहात वापरलेलं जाळं, टोपली, थर्माकोलचा डबा दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. ठेक्याच्या तलावातून नदीत किंवा नदीतून तलावात जिवंत मासा हलवायचा नाही, मग तो कितीही निरोगी दिसो. चिलापी स्वतः आजारी न पडणारी असली तरी तिच्याबरोबर पाणी जातंच.

आणि हे सगळं करण्याआधी निदान करून घ्या, नाहीतर मी आणि तुम्ही दोघंही संशयावर गावगाडा हाकतोय. नाशिकच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयाला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या. ईयूएस हा जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतला, नोंद करावी लागणारा आजार आहे, त्यामुळे तुमचं पत्र ही तक्रार नसून माहिती आहे, तसंच लिहा. जलचरांच्या आजारांवर लक्ष ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था तो सांभाळते, आणि २०२३ मध्ये त्यांनी ‘रिपोर्ट फिश डिसीज’ नावाचं मोबाइल ॲपही आणलं. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, नमुना तिथे जाऊ शकतो का हे कार्यालयात विचारा. नमुना म्हणजे नुकता आजारी पडलेला, शक्यतो जिवंत मासा, नाहीतर मेल्याबरोबर बर्फात ठेवलेला. फ्रीजरमध्ये दगड केलेला मासा जखमेच्या तपासणीला निकामी ठरतो, आणि कुजलेला कशालाच उपयोगी नसतो. सोबत तारीख, पाण्याचं तापमान, कोणत्या जाती, किती लांबीचे, आधी पाऊस किंवा आवर्तन केव्हा झालं हे लिहून द्या. एक साधा थर्मामीटर आणि एक वही, एवढाच खर्च आहे. वही वडिलांच्या हाती द्या. डोह त्यांच्याइतका कोणी पाहिलेला नाही.

वडिलांचं कारण वेगळं असेल, पण बीज नको आणि बंदी हवी हे त्यांचे दोन्ही निष्कर्ष बरोबर आहेत, हे त्यांना जाऊन सांगा, चारचौघांत सांगितलंत तर आणखी बरं. तरुणांचंही एक बरोबर आहे, की नुसतं हातावर हात ठेवून बसून मरळ येणार नाही. त्यांना मोटारींचं, नमुन्याचं आणि ॲपचं काम द्या. बीजासाठी अनुदान आलेलं असेल आणि ते परत जाण्याची भीती असेल, तर सरकारी केंद्रातून रोहू-कटला घ्या आणि नदीशी संबंध नसलेल्या ठेक्याच्या तलावात सोडा.

दोन हिवाळे वहीत नोंदवून झाले, की हातभर लांबीच्या मरळी किती दिसल्या ते मला कळवा. त्या दिसू लागल्या तर बंदी सैल करण्याबद्दल बोलू. राहिला व्यापाऱ्याला दिलेला विसार. तो परत मागताना संस्थेच्या ठरावाची नक्कल जोडून लेखी मागा, आणि पुढच्या सभेच्या आत मागा. एकदा गाडी बीज घेऊन काठावर उभी राहिली, की तिला परत पाठवायची हिंमत वीसातल्या एकाही घराला होणार नाही.